दिव्यांग निधीच्या यादीत आधार, बँक खातं आणि आजारसुद्धा: नगरपरिषदेनं भावाची माहिती गावभर केली

मळ्यातली वाट

नमस्कार. मी कोल्हापुरात राहते, माहेर जिल्ह्यातल्याच एका छोट्या शहरात. तिथल्या नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की चार लोक यादी शोधायला जातील, आणि त्या यादीत माझा धाकटा भाऊ आहे.

तो ३४ वर्षांचा आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आजार सुरू झाला, स्किझोफ्रेनिया. पहिली काही वर्षं फार वाईट गेली, मग औषध लागू पडलं. गेली आठ वर्षं तो रोज कामावर जातो, आईच्या बीपीच्या गोळ्या तोच आणतो, तालमीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे असतो. कामाच्या ठिकाणी आजाराचं कुणालाही माहीत नव्हतं. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे त्याचं त्यानं ठरवलेलं होतं.

स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून थोडी रक्कम खात्यावर मिळते म्हणून बाबांनी त्याचा अर्ज भरला होता. युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधार, पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स जोडल्या. गेल्या महिन्यात लाभार्थ्यांची यादी लागली. ती बोर्डावर लावली, वेबसाइटवर पीडीएफ टाकली आणि तीच पीडीएफ कुणीतरी प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडली. संध्याकाळपर्यंत ती तालमीच्या ग्रुपवर आली होती.

यादीतले रकाने सांगते. नाव, पत्ता, मोबाईल, आधारचे बाराच्या बारा आकडे, बँक, खाते क्रमांक, आयएफएससी, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, रक्कम. भावाच्या नावापुढं "मानसिक आजार" असं छापलंय.

तालमीच्या ग्रुपवर एकानं त्याच्या नावाभोवती लाल गोल करून फोटो टाकला. खाली कुणी काही लिहिलं नाही. दोन मिनिटांनी फोटो काढलाही. पण त्या ग्रुपमध्ये दीडशे माणसं आहेत आणि त्यात माझा भाऊही आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गणीची वही तालमीत नेऊन ठेवली. तेव्हापासून तो कामावर गेलेला नाही.

बाबा आणि मी कार्यालयात गेलो. टेबलावरचे म्हणाले, "ताई, पारदर्शकतेसाठी यादी लावावीच लागत्या. हरकत असंल तर लेखी द्या." लेखी दिलं. पोच मागितली तर आवक-जावकवाले जेवायला गेलेत म्हणाले. तासभर थांबून शिक्का घेतला. आज दहावा दिवस, पीडीएफ जिथल्या तिथं आहे.

दरम्यान शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींना फोन आला. "दिव्यांग विभागातनं बोलतोय, तुमचं खातं अमुक बँकेत, आधारचे शेवटचे आकडे अमुक, निधी जमा करायचाय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा." समोरचा माणूस आपली सगळी माहिती बिनचूक वाचून दाखवतोय म्हटल्यावर त्यांना शंका कशी यावी? १८ हजार गेले.

तक्रार नेमकी कुठं करायची? आणि यादीतल्या बाकीच्या माणसांना सावध कसं करायचं? कृपया सांगा.

शाहूपुरीकर

ताई, वाचून पोटात तुटलं. कायद्याचं जाणकार सांगतील, आधी पैशाचं बघूया. मावशींना १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावा, आजच. बँकेतही लेखी तक्रार द्या. ओटीपी स्वतः सांगितला म्हणून बँक गेलेल्या पैशाला हात वर करेल, पण बँकेला कळवल्यानंतर पुढं काही गेलं तर ती जबाबदारी बँकेची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. म्हणून पोच महत्त्वाची.

दुसरं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या अधिकृत ॲपमधनं होतं. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर एईपीएसमधनं, म्हणजे आधारवर पैसे काढायच्या सोयीतनं, पैसे निघतात, खाते नंबरसुद्धा लागत नाही. फक्त लॉक केल्यावर रेशन दुकानात अंगठा चालणार नाही. त्या दिवसापुरतं उघडायचं. हे आधी सांगितलं नाही तर म्हातारी माणसं रांगेतनं रिकामी परत येतात. आमच्या आईचं असंच झालं होतं.

उसाचं पाचट

आमच्यात तर ह्याच्याही पुढची गोष्ट झालीया. एस्टी स्टँडवर भडंग घेतलं, पुडा सोडून बघतोय तर कागद म्हणजे कुणाच्या तरी घरकुल अर्जाची झेरॉक्स. बाईचा फोटो, आधार, सही, सगळं. पत्ता बघितला तर आमच्याच तालुक्यातला. मी ते भडंग तसंच हातात धरून बसलो, खाववलं नाही. कार्यालयातली रद्दी थेट दुकानात जात्या. कागद फाडायचं मशीन काय लाखाचं असतं का?

दहा रुपयांचा अर्ज

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. तुमच्या भावाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण यादी लावणं बंद करा, असा या तक्रारीचा शेवट होऊ नये. मी गेली बारा वर्षं माहिती अधिकारात अर्ज करतोय. धडधाकट माणसांनी दिव्यांगाचे दाखले काढून पैसे उचलल्याची प्रकरणं आम्ही बोर्डावरच्या याद्यांमुळंच बाहेर काढली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की अनुदानाच्या योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं स्वतःहून जाहीर करावा.

आता डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ), म्हणजे व्यक्तिगत माहिती नाकारायचं कलम, बदललंय. आधी व्यक्तिगत माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर त्याच कलमातून मिळायची. ती सोय तिथून गेली, आता कलम ८(२), म्हणजे जनहिताचं सर्वसाधारण कलम, त्यावर भांडावं लागतं. ठेकेदाराचं बिल मागितलं तरी "व्यक्तिगत माहिती" म्हणून नकार येतो. तुमची तक्रार दाखवून हेच लोक उद्या सगळ्या याद्या काढून टाकतील. मला ती भीती आहे.

मळ्यातली वाट

राग अजिबात नाही. उलट हेच मला कार्यालयात नीट सांगता आलं नाही. यादी लावू नका असं मी म्हणतच नाही. नाव लावा, प्रभाग लावा, रक्कम लावा. बोगस माणूस पकडायला गल्लीतल्या लोकांना एवढं पुरतं, कारण कोण चालतंय-फिरतंय ते त्यांना दिसतंच. आधारचे बारा आकडे आणि खाते क्रमांक वाचून कुणी बोगस ओळखत नाही. आणि "मानसिक आजार" वाचून तर उलटंच होतं. दिसायला धडधाकट म्हणून माझ्या भावालाच कुणीतरी बोगस म्हणेल. खरं-खोटं तपासायचा तो रकाना वैद्यकीय मंडळासाठी आहे, चौकासाठी नाही.

दहा रुपयांचा अर्ज

हे पटलं. कलम ४ मध्ये आधार क्रमांक छापा असं कुठंही नाही. तुमच्या पुढच्या अर्जात "नाव, प्रभाग, रक्कम यांची यादी कायम ठेवावी" हे वाक्य घाला, म्हणजे त्यांना पळवाट राहणार नाही.

कसबा बावडा

वकिली करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहितीनं लोक चुकीच्या दारात जातात.

सगळ्यात पक्का मुद्दा आधारचा आहे. आधार कायदा २०१६, कलम २९(४): आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला किंवा लावायला मनाई आहे. त्याखालच्या २०१६ च्याच नियमावलीत म्हटलंय की आधार क्रमांक असलेली कुठलीही माहिती जाहीर करायची तर आकडे काढून किंवा काळे करूनच. नगरपरिषदेला याला उत्तर नाही. ही चूक देशभर झालेली आहे. २०१७ मध्ये झारखंडच्या एका सरकारी संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक पेन्शनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. त्याच वर्षी केंद्र आणि राज्यांच्या मिळून सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार क्रमांक दिसत असल्याचं आधार प्राधिकरणानंच माहिती अधिकारात सांगितलं होतं. म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं" हे आज कुठल्याच कार्यालयाला म्हणता येत नाही.

दुसरं, डेटा संरक्षण कायदा. पेपरात २५० कोटी दंडाचा आकडा वाचून लोक माझ्याकडे येतात. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि माहिती सांभाळणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे मे २०२७. शिवाय दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या भावाला त्यातला रुपया मिळत नाही. जुन्या आयटी कायद्याच्या कलम ४३अ मध्ये नुकसानभरपाई आहे, पण ते कलम कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना लागू आहे. नगरपरिषद त्यात बसवणं अवघड.

मग राहतो संविधानाचा रस्ता. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय, आणि नगरपरिषद ही शासनसंस्थाच आहे. त्यामुळं रिट याचिका, म्हणजे हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात दाद, करता येते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. चाळीस वर्षांहून जास्त काळ ज्याच्यासाठी इथले वकील आणि पक्षकार रस्त्यावर उतरले, त्याचा उपयोग अशाच माणसांना व्हायला हवा.

पण आधी पायऱ्या चढा. मुख्याधिकाऱ्यांना लेखी, मग जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपरिषदांचं काम बघणारे जिल्हा प्रशासन अधिकारी. सोबत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांना प्रत. फोटो आणि स्क्रीनशॉट तारखेसकट आत्ताच काढून ठेवा. पीडीएफ काढून टाकली की पुरावाही जातो.

जुना लिपिक

मी दुसऱ्या एका नगरपरिषदेतून निवृत्त झालो. हे कसं घडतं ते आतून सांगतो. समर्थन म्हणून नव्हे.

लाभार्थ्यांना पैसे पाठवायला बँकेला एक एक्सेल शीट द्यावी लागते. त्यात खातं, आयएफएससी, आधार सगळं असतंच. वरून निरोप येतो, यादी आजच्या आज बोर्डावर लावा. कंत्राटी ऑपरेटर तीच शीट उघडतो आणि प्रिंट मारतो. वेगळी यादी करायची असते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पगार वेळेवर न मिळणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराच्या टेबलावर आख्ख्या शहराची आधार कार्डं पडलेली असतात.

आणि व्हॉट्सॲप हेच आता कार्यालयाचं टपाल झालंय. सभापतींना यादी पाठवायची व्हॉट्सॲपवर, नगरसेवकांना व्हॉट्सॲपवर, बँकेच्या शाखेत व्हॉट्सॲपवर. नगरसेवक आपल्या प्रभागात श्रेय म्हणून पुढं ढकलतो. तुमची यादी अशीच फुटली असणार.

रद्दीबद्दल वर कुणी लिहिलंय, तेही खरं. आमच्याकडं अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते, मुदत संपली की नष्ट करायचे. नष्ट करायचे म्हणजे नष्ट, रद्दीवाल्याला किलोवर घालायचे नव्हेत. पण जिन्याखाली गठ्ठे साठतात, पावसाळ्यात भिजतात, आणि एक दिवस टेंपो येतो. मी स्वतः असे गठ्ठे जाताना बघितलेत आणि गप्प बसलो. ते आज खुपतं.

एक उपयोगाची गोष्ट सांगतो. मुख्याधिकाऱ्यांकडं "कारवाई करा" एवढंच मागू नका, त्याचं उत्तर येत नाही. नेमकं मागा. कुठल्या टेबलावरून, कुणाच्या सहीनं यादी वेबसाइटवर गेली, ती टिपणी माहिती अधिकारात मागवा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टिपणीवर सही असलेला माणूस मग स्वतःच पळापळ करतो.

पांढरी काठी

मला दिसत नाही. फोन मला हे सगळं वाचून दाखवतो.

आमची माहिती आमची असते, हेच बऱ्याच जणांना वाटत नाही. दाखल्याच्या रांगेत उभं राहिलं की आतला माणूस मोठ्यानं विचारतो, "किती टक्के आंधळा?" माझं काय, काठी हातात आहे, ते सगळ्यांना दिसतं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि त्यातले कितीतरी बाहेरून दिसत नाहीत. थॅलेसेमिया असलेली लग्नाची मुलगी आहे, मनाचा आजार असलेला कामावरचा माणूस आहे. त्यांनी योजनेचा लाभ घ्यायचा म्हणजे आजार बोर्डावर चिकटवून घ्यायचा, असं होत असेल तर ते अर्जच करणार नाहीत. काही जण करतही नाहीत. मला माहीत आहेत असे.

ताई, एक विचारतो, स्पष्ट विचारतो. इथं लिहिण्याआधी भावाला विचारलंत का?

मळ्यातली वाट

विचारलंत ते बरं केलंत. हो. लिहिलेलं त्याला वाचायला दिलं. त्यानं दोन वाक्यं काढायला लावली, काम कुठं करतो ते आणि पहिल्या आजारपणातला एक प्रसंग. आजाराचं नाव राहू दे म्हणाला. "गावाला कळलंच आहे, पण तिथं नुसतं 'मानसिक' लिहिलंय, नीट नाव तरी लिही," असं म्हणाला.

मळ्यातली वाट

काय झालं ते लिहिते. जिल्हा प्रशासन अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला, नागाळा पार्कात जाऊन. तीन दिवसांनी वेबसाइटवरची पीडीएफ बदलली. आधार, खातं आणि दिव्यांगत्वाचा प्रकार या तीन रकान्यांवर आता काळ्या पट्ट्या आहेत. मोबाईल नंबर तसेच आहेत. बोर्डावरचा कागद काढलाय.

संगणक दुरुस्ती

ताई, ती पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडा. काळ्या पट्टीवरून माउस ओढून कॉपी करा आणि वर्डमध्ये पेस्ट करून बघा. पट्टी नुसती वर काढलेली असेल तर खालचे आकडे जसेच्या तसे येतात. ही चूक मी लै ठिकाणी बघितलीया. मूळ शीटमधला रकानाच डिलीट करून नवी पीडीएफ करायची असते. लपवलेला रकाना पण नको, डिलीटच.

आणि फाइल काढली तरी गूगलच्या शोधात काही दिवस जुनी नोंद दिसू शकते. गूगलकडं ती हटवायचा अर्ज करता येतो. फाइल मूळ ठिकाणावरनं गेली असेल तर तो लवकर मान्य होतो, म्हणून आधी मूळ काढायला लावा.

मळ्यातली वाट

तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलं. सगळे आकडे आले. सगळ्यांचे.

सोमवारी पुन्हा गेलो. या वेळी मी काही बोललेच नाही. टेबलावरच्या साहेबांना म्हटलं, तुमच्याच कॉम्प्युटरवर यादी उघडा. ऑपरेटर मुलाला कॉपी-पेस्ट करायला सांगितलं. स्क्रीनवर बारा-बारा आकड्यांची रांग उतरली तशी खोलीतली माणसं उठून मागं येऊन उभी राहिली. त्यातल्या एका शिपाईमामांच्या मुलीचं नाव त्यात होतं. त्यांना ते आत्ता कळलं. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

दुपारी पीडीएफ गेली. दुसऱ्या दिवशी नवी यादी लागली: नाव, प्रभाग, रक्कम. "दहा रुपयांचा अर्ज" यांनी सुचवलेलं वाक्य अर्जात होतं, म्हणून नावं राहिली.

पण लेखी उत्तर आलंय त्यात "अनवधानाने" एवढंच आहे. यादीतल्या प्रत्येकाला नगरपरिषदेनं स्वतः कळवावं, ही माझी मुख्य मागणी होती. त्यावर एक अक्षर नाही. बाबा म्हणाले आपणच फोन करू, यादी आहेच आपल्याकडं. मी हात आखडला. ज्या यादीनं हे झालं तीच वापरून परक्या माणसांना फोन करायचा? आणि "तुमची माहिती फुटलीय" असं सांगणारा फोन त्यांना त्या ठगासारखाच वाटणार. शेवटी ओळखीतून ओळखीत सांगत गेलो. आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका ताईंनी खूप मदत केली, कुणाचाही आजार न उच्चारता "निधीच्या नावानं फोन आला तर काही सांगू नका" एवढंच घरोघरी सांगितलं. तरी सगळे झाले नाहीत. नंबर नगरपरिषदेकडं आहेत, एक अधिकृत मेसेज पाठवायला किती वेळ लागतो?

पांढरी काठी

आमच्या ओळखीतल्या मंडळींना मी ऐकवलंय, ते त्या बाजूच्या गावांत सांगतायत. मावशींचं काय झालं?

मळ्यातली वाट

१९३० वर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. त्या घराबाहेर फारशा पडत नाहीत आता, स्वतःलाच दोष देतात.

कसबा बावडा

मेसेजच्या मागणीसाठी लोकशाही दिनात जा, तिथं लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मागणी एकच ठेवा: सर्व बाधितांना लेखी सूचना. मावशींच्या तक्रारीची पोच जोडा, यादी फुटल्यानं प्रत्यक्ष नुकसान झाल्याचं त्यातून दिसतं. आणि अर्ज शक्यतो ज्याची माहिती फुटली त्याच्या नावानं हवा. बहीण म्हणून तुम्ही दिलात तर पहिला प्रश्न तोच येईल.

मळ्यातली वाट

हे भावाला सांगायला मी दोन दिवस घेतले. काल रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "मग माझ्याच नावानं कर ना, तुझ्या नावानं का करत होतीस?"

अर्ज त्यानंच लिहिला. माझ्यापेक्षा बरा लिहिलाय, कमी शब्दांत. आज आम्ही दोघं कोल्हापुरात येऊन देऊन आलो. आवक शाखेत त्याच्या हातात पोच दिली, शिक्का पावणेतीनचा आहे. कामावर तो अजून जात नाही. तिथल्या मालकांशी काय बोलायचं ते त्याचं ठरत नाहीये आणि मी घाई करत नाही.

जुना लिपिक

पोचेच्या दोन झेरॉक्स काढा. एक बाबांकडं ठेवा. आणि आवक क्रमांक वहीत लिहून घ्या, थर्मल कागद असेल तर शाई उडते.

उसाचं पाचट

पहिल्या सोमवारी मी येतो. भडंगाच्या पुड्याचा तो कागद मी टाकलेला नाही, घडी करून पाकिटात ठेवलाय. त्या बाईचा पत्ता शोधून आधी तिला देणार होतो. रविवारी जाऊन देतो, आणि तिला विचारतो, साहेबांना दाखवू का म्हणून. ती हो म्हणाली तरच आणीन.